लॉगइन टिकत नाही: टॉमकॅटवरील जावा ॲपमध्ये सेशन नेमके कुठे हरवते?

‘काम करता करता मध्येच लॉगइनचे पान येते’ ही तक्रार जावा वेब ॲप सांभाळणाऱ्या जवळपास प्रत्येक टीमकडे कधी ना कधी येते, आणि तिच्यावर पहिला उपाय बहुतेक ठिकाणी एकच केला जातो: वेब डॉट एक्सएमएल या सेटिंग फाइलमधील सेशन-टाइमआउट (वापर नसताना लॉगइन किती मिनिटांनी संपवायचे तो आकडा) ३० चा ६० करायचा, तक्रार पुन्हा आली की १२० करायचा. काही दिवस शांततेत जातात, कारण वापरकर्तेही रोज उठून तक्रार करत नाहीत. मग तीच तक्रार नव्या तिकिटाच्या रूपाने परत येते. वारंवार उद्भवणाऱ्या या तक्रारीचे मूळ टाइमआउटमध्ये क्वचितच असते. खरा टाइमआउट झाला असेल तर वापरकर्त्याला ते सहसा कळलेले असते, कारण तो जेवायला गेलेला असतो. जो माणूस स्क्रीनसमोर बसून बटणे दाबत असताना बाहेर फेकला जातो, त्याचे सेशन, म्हणजे सर्व्हरने ठेवलेली त्याच्या लॉगइनची नोंद, बहुतेक वेळा संपलेलेच नसते. ते सर्व्हरच्या मेमरीत तसेच पडून असते, फक्त त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता तुटलेला असतो.

पुढील विवेचन टॉमकॅट हा जावा वेब ॲप चालवणारा सर्व्हर गृहीत धरून केले आहे, कारण स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये मूळ सेटिंगनुसार तोच येतो आणि स्वतंत्रपणेही तोच सर्वाधिक आढळतो. जेटी किंवा अंडरटो हे दुसरे सर्व्हर वापरणाऱ्यांना सेटिंगची नावे वेगळी दिसतील, पण कारणे तीच राहतील.

सेशन म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची जोडी असते. सर्व्हरवर एचटीटीपी-सेशन नावाचा ऑब्जेक्ट असतो, ज्यात वापरकर्त्याची माहिती ॲट्रिब्यूटच्या रूपाने ठेवलेली असते. ब्राउझरकडे जेसेशनआयडी नावाची कुकी असते, जिच्यात टॉमकॅटने तयार केलेला ३२ हेक्साडेसिमल अक्षरांचा आयडी असतो. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला हरवणे, बिल्ला हातात असून चुकीच्याच स्टँडवर उभे राहणे, आणि बिल्ला व खण दोन्ही बरोबर असून खण रिकामा निघणे या जशा तीन निरनिराळ्या अडचणी आहेत, तशाच इथेही तीन शक्यता आहेत: रिक्वेस्टबरोबर कुकी आलीच नाही, कुकी आली पण त्या आयडीचे सेशन या सर्व्हरला माहीत नाही, किंवा सेशन सापडले पण त्यातील ॲट्रिब्यूट गायब आहेत. वापरकर्त्याला तिन्ही वेळी लॉगइनचेच पान दिसते. त्यामुळे या तिघांपैकी काय घडले हे ठरवल्याशिवाय कोणतेही सेटिंग बदलू नये.

आधी नोंद, मग उपाय

हे ठरवण्यासाठी एक छोटा सर्व्हलेट फिल्टर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट ॲपकडे जाण्याआधी चालणारा कोड, पुरेसा आहे. तो फिल्टर-साखळीत सर्वांत आधी यावा आणि त्याने प्रत्येक रिक्वेस्टसाठी रिक्वेस्ट-ऑब्जेक्टला तीन गोष्टी विचाराव्यात: गेट-रिक्वेस्टेड-सेशन-आयडी काय देतो, इज-रिक्वेस्टेड-सेशन-आयडी-व्हॅलिड खरे आहे की खोटे, आणि गेट-सेशन या मेथडला ‘फॉल्स’ देऊन बोलावले असता सेशन मिळते की नल (काहीच नाही) मिळते. पहिले उत्तर नल असेल तर कुकी आलेली नाही. पहिले उत्तर आहे पण दुसरे खोटे आहे, तर सर्व्हर त्या आयडीला ओळखत नाही. दोन्ही ठीक असूनही ॲप लॉगइनकडे वळवत असेल, तर ज्या ॲट्रिब्यूटवरून ॲप लॉगइन ओळखते ते तपासावे. गेट-सेशन ‘फॉल्स’शिवाय बोलावल्यास सेशन नसेल तेव्हा ते नवीन तयार होते, म्हणजे निदान करणारा फिल्टरच पुरावा बिघडवतो; ही काळजी विसरू नये.

याच ओळीत सर्व्हरचे नाव, रिक्वेस्टचा मार्ग, http की https, आणि वेळ लिहावी. पूर्ण सेशन आयडी मात्र लॉगमध्ये लिहू नये, कारण लॉग वाचू शकणारा कोणीही तो आयडी वापरून त्या माणसाच्या नावाने आत शिरू शकतो. आयडीचा शा-२५६ हॅश काढून त्याची पहिली आठ अक्षरे लिहिली तरी दोन ओळी एकाच सेशनच्या आहेत की नाही ते समजते. सोबत एचटीटीपी-सेशन-लिसनर लावून सेशन तयार झाल्याची आणि नष्ट झाल्याची नोंदही त्याच हॅशने करावी. ‘नष्ट झाले’ ही ओळ नसताना वापरकर्ता बाहेर पडला असेल, तर टाइमआउटवरचा संशय तिथेच दूर होतो.

ब्राउझरच्या बाजूने डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅब उघडून ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू ठेवावा, म्हणजे पान बदलले तरी आधीच्या रिक्वेस्ट दिसत राहतात. ज्या उत्तरात सेट-कुकी हेडरमधून नवा जेसेशनआयडी आला, ती ओळ शोधावी. प्रत्यक्ष घटना त्या ओळीच्या लगेच आधी घडलेली असते. क्रोममध्ये रिक्वेस्टच्या कुकी टॅबवर गाळलेल्या कुकी दाखवण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यास कुकी पाठवली का गेली नाही याचे कारणही ब्राउझर स्वतःच सांगतो. ही सोय फार कमी लोक वापरतात, आणि तिच्याअभावी तासन् तास सर्व्हरच्या कोडमध्ये शोध चालतो.

कुकी येतच नाही

पहिले आणि अतिशय नेहमीचे कारण म्हणजे पाथ. टॉमकॅट कुकीचा पाथ ॲपच्या कॉन्टेक्स्ट पाथएवढा, म्हणजे ॲप साइटवरच्या ज्या उपपत्त्यावर बसवले आहे तेवढा, ठेवतो. ॲप ‘/शॉप’ या कॉन्टेक्स्टवर डिप्लॉय केले आहे आणि समोर एनजिनएक्स हा मधला (प्रॉक्सी) सर्व्हर बसवून ते मूळ डोमेनवर, म्हणजे नुसत्या ‘/’ वर दाखवले आहे, अशी कल्पना करा. टॉमकॅट कुकी देताना पाथ ‘/शॉप’ लिहितो. ब्राउझरच्या दृष्टीने मात्र त्या साइटवर ‘/शॉप’ नावाचे काहीच नाही, म्हणून तो कुकी साठवतो पण परत कधीच पाठवत नाही. प्रत्येक क्लिकला नवे सेशन तयार होते. लॉगइन यशस्वी होते आणि पुढच्याच पानावर पुन्हा लॉगइन मागितले जाते. एनजिनएक्समध्ये ‘प्रॉक्सी कुकी पाथ’ आणि अपाची एचटीटीपीडीमध्ये ‘प्रॉक्सी पास रिव्हर्स कुकी पाथ’ हे निर्देश याचसाठी आहेत. त्याहून सरळ मार्ग म्हणजे ॲप रूट कॉन्टेक्स्टवरच डिप्लॉय करणे, म्हणजे दोन्हीकडचे पाथ एकच राहतात आणि रीडायरेक्टच्या पत्त्यांचेही प्रश्न सुटतात.

दुसरे कारण https चे आहे. कुकीवर सिक्युअर हा गुणधर्म असेल तर ब्राउझर ती फक्त https वर पाठवतो. लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा) किंवा एनजिनएक्स टीएलएस, म्हणजे https चे कूटलेखन, उलगडतो आणि आत टॉमकॅटकडे साध्या http ने रिक्वेस्ट पाठवतो. टॉमकॅटला वाटते की वापरकर्ता http वरच आहे, आणि रीडायरेक्टमध्ये पूर्ण पत्ता दिला जात असेल तर तो http ने सुरू होतो. ब्राउझर त्या http पत्त्यावर जातो, सिक्युअर कुकी मागेच राहते, ॲप नवे सेशन उघडते. त्या नव्या सेशनची कुकीही ब्राउझर स्वीकारत नाही, कारण http वरून आलेली सिक्युअर कुकी तो नाकारतो आणि आधीच्या सिक्युअर कुकीवर http वरून दुसरी लिहूही देत नाही. परिणामी लॉगइनचे चक्र फिरतच राहते. उपाय दोन्ही टोकांना करावा लागतो: प्रॉक्सीने एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर पाठवावे आणि टॉमकॅटमध्ये रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह लावून ते हेडर वाचायला सांगावे. स्प्रिंग बूटमध्ये हेच काम ‘सर्व्हर डॉट फॉरवर्ड-हेडर्स-स्ट्रॅटेजी’ या सेटिंगने होते.

डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ही अडचण दिसत नाही, कारण क्रोम आणि फायरफॉक्स लोकलहोस्टला या नियमातून सूट देतात. तेच ॲप त्याच वेळी ऑफिसच्या वाय-फायवरून मोबाइलवर, लॅपटॉपचा आयपी पत्ता टाकून http ने उघडले की लॉगइन टिकत नाही. ‘माझ्याकडे चालते’ हे वाक्य अशा वेळी अगदी खरे असते आणि तरीही निरुपयोगी असते.

पैसे भरून परत येताना हरवणारे सेशन

या प्रकाराला स्वतंत्र जागा द्यायला हवी, कारण तो कधी दिसतो आणि कधी दिसत नाही, आणि म्हणूनच महिनोन् महिने निकालात निघत नाही. ग्राहक लॉगइन करतो, वस्तू निवडतो, पेमेंट गेटवेच्या पानावर जातो, ओटीपी टाकतो आणि गेटवे त्याला पोस्ट रिक्वेस्टने आपल्या साइटवर परत पाठवतो. पैसे गेलेले असतात. समोर मात्र लॉगइनचे पान येते.

कुकी दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर पाठवायची की नाही हे तिचा सेमसाइट हा गुणधर्म ठरवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून, तो न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ समजली जाऊ लागली. हा बदल टप्प्याटप्प्याने लागू होत होता, कोविडमुळे एप्रिल २०२० मध्ये थांबवला गेला आणि त्या जुलैपासून पुन्हा सुरू झाला. लॅक्स कुकी दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या पोस्ट रिक्वेस्टबरोबर जात नाही. टॉमकॅट सांगितल्याशिवाय सेमसाइट लिहित नाही, त्यामुळे परतीच्या रिक्वेस्टमध्ये जेसेशनआयडी नसतो. मात्र क्रोमने जुन्या साइट मोडू नयेत म्हणून एक सवलत ठेवली: सेमसाइट न लिहिलेली कुकी ठेवून दोन मिनिटे झालेली नसतील, तर ती अशा पोस्टबरोबरही पाठवली जाते. इथेच तपास करणारा फसतो. टेस्टर नव्या ब्राउझरमध्ये लॉगइन करतो, चाचणी कार्डाने झटपट पैसे भरतो, दोन मिनिटांच्या आत परत येतो, आणि सगळे व्यवस्थित चालते. खरा ग्राहक वीस मिनिटे साड्या पाहतो, मग ओटीपीची वाट पाहतो, आणि त्याचे सेशन हरवते. चाचणी करताना लॉगइननंतर मुद्दाम पाच मिनिटे थांबून मगच पैसे भरावेत.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. परतीची रिक्वेस्ट हाताळणारा कोड गेट-सेशन बोलावतो, कुकी नसल्याने नवे रिकामे सेशन तयार होते, आणि त्याची सेट-कुकी ब्राउझरमधील जुन्या, जिवंत सेशनच्या कुकीवर लिहिली जाते. आता ग्राहक मागे गेला तरी जुने सेशन त्याला मिळत नाही. परतीचा पत्ता जेएसपी (जावा कोड असलेले पान) असेल तर कोडमध्ये गेट-सेशन कुठेही नसतानाही हे घडते, कारण पेज निर्देशात ‘सेशन’ला ‘फॉल्स’ दिलेले नसेल तर जेएसपी स्वतःहून सेशन उघडते.

कुकीला ‘सेमसाइट नन’ आणि सिक्युअर करणे हा सर्वत्र सुचवला जाणारा उपाय आहे. टॉमकॅटमध्ये तो कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमधील कुकी-प्रोसेसरच्या ‘सेमसाइट-कुकीज’ या गुणधर्माने होतो आणि स्प्रिंग बूट २.६ पासून त्यासाठी स्वतंत्र सेटिंगही आहे. त्याने तक्रार थांबते, पण एका परतीच्या पानासाठी संपूर्ण ॲपची लॉगइन कुकी प्रत्येक परक्या साइटवरून येणाऱ्या रिक्वेस्टबरोबर पाठवण्याची मुभा दिली जाते, आणि सीएसआरएफपासूनचे, म्हणजे परक्या साइटने वापरकर्त्याच्या नावाने रिक्वेस्ट करण्यापासूनचे, एक संरक्षण निघून जाते. त्यापेक्षा परतीच्या पत्त्याने सेशनला हातच लावू नये. गेटवेने पाठवलेला ऑर्डर क्रमांक आणि सही तपासावी, डेटाबेसमध्ये ऑर्डरची स्थिती बदलावी, आणि ३०३ ने आपल्याच ‘ऑर्डर तपशील’ पानाकडे रीडायरेक्ट करावे. ती पुढची रिक्वेस्ट गेट (GET) प्रकारची असल्याने लॅक्स कुकी तिच्याबरोबर येते आणि जुने सेशन जसेच्या तसे सापडते. स्प्रिंग सिक्युरिटी असेल तर या एका पत्त्यासाठी सीएसआरएफ तपासणी बंद ठेवून तो लॉगइनशिवाय पोहोचण्याजोगा करावा लागेल. सही तपासली जात असल्याने त्यात धोका नाही, पण सही तपासणे मग ऐच्छिक राहत नाही.

कुकी येते, पण सर्व्हर ओळखत नाही

फिल्टरच्या नोंदीत आयडी आहे आणि तो वैध नाही, असे दिसले तर पहिला प्रश्न विचारावा: सगळे वापरकर्ते एकाच क्षणी बाहेर पडले का? तसे असेल तर जेव्हीएम (जावा चालवणारी प्रोसेस) पुन्हा सुरू झाला आहे. कोणी मुद्दाम रिस्टार्ट केला नसेल तर लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये पाहावे. मेमरी संपल्यावर कर्नल जावाची प्रोसेस मारतो, सिस्टमडी ती लगेच उभी करतो, आणि ॲपच्या लॉगमध्ये कोणताही अपवाद न दिसता सर्वांचे लॉगइन जाते. याची नोंद ॲपच्या लॉगमध्ये सापडत नाही म्हणून लोक टाइमआउट वाढवत बसतात.

एकाच माणसाला एका क्लिकला लॉगइन दिसते आणि पुढच्या क्लिकला तो पुन्हा आत असतो, असे होत असेल तर दोन टॉमकॅट आणि त्यांच्यासमोर चिकट नसलेला, म्हणजे एका वापरकर्त्याला दर वेळी त्याच सर्व्हरकडे (नोडकडे) न पाठवणारा, लोड बॅलन्सर असतो. अपाचीमध्ये स्टिकी-सेशन लावल्यावर तिथे प्रत्येक नोडला दिलेला रूट आणि त्या टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमधील जेव्हीएम-रूट यांची नावे अक्षरशः जुळावी लागतात. जेव्हीएम-रूट दिल्यावर सेशन आयडीच्या शेवटी टिंब आणि नोडचे नाव जोडले जाते, आणि ते कुकीत दिसत नसेल तर सेटिंग लागलेलेच नाही. नवे नोड उभारताना जुन्याची सर्व्हर डॉट एक्सएमएल जशीच्या तशी कॉपी केल्याने दोन्ही नोडना एकच जेव्हीएम-रूट राहणे, ही चूक फार सर्रास होते. एनजिनएक्समध्ये अनेक जण आयपी-हॅश वापरून मोकळे होतात. तो आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच भाग विचारात घेतो, त्यामुळे एका मोठ्या ऑफिसमधील सर्वजण एकाच नोडवर जातात, आणि घरातून निघताना वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलेला वापरकर्ता दुसऱ्याच नोडवर पोहोचून बाहेर पडतो. कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या यंत्रणेत सर्व्हिसचे क्लायंट-आयपी चिकटणेही याच मर्यादेत आहे. त्याची मूळ मुदत १०८०० सेकंद, म्हणजे तीन तास आहे. कुकीवर आधारित चिकटणे या सर्वांपेक्षा भरवशाचे.

एकाच मशीनवर दोन ॲप असताना एकात लॉगइन केले की दुसऱ्यातून बाहेर पडायला होते, ही तक्रार विकासाच्या काळात सतत येते. कुकी पोर्टनुसार वेगळ्या होत नाहीत. २०११ च्या आरएफसी ६२६५ मध्ये ते स्पष्ट लिहिले आहे. लोकलहोस्टवर ८०८० आणि ८०८१ या पोर्टवर चालणारी, रूट कॉन्टेक्स्टवरची दोन स्प्रिंग बूट ॲप एकमेकांची जेसेशनआयडी पुसत राहतात. दोघांपैकी एकाला सेशन कुकीचे वेगळे नाव दिले की प्रश्न मिटतो, आणि तसे नाव मुळातच प्रत्येक ॲपला द्यावे असे माझे मत आहे, कारण अंतर्गत चाचणी सर्व्हरवरही हाच घोळ होतो.

लॉगइनच्या क्षणाचा एक सूक्ष्म प्रकार मात्र नोंदी पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. सेशन फिक्सेशनचा हल्ला (हल्लेखोराने आधीच माहीत असलेला आयडी वापरकर्त्याच्या गळ्यात मारणे) टाळण्यासाठी लॉगइन झाल्यावर सेशन आयडी बदलला जातो, सर्व्हलेट ३.१ पासून त्यासाठी चेंज-सेशन-आयडी ही मेथड आहे आणि स्प्रिंग सिक्युरिटी ती आपोआप वापरते. त्याच वेळी पानावरच्या स्क्रिप्टने जुन्या आयडीसह एखादी सूचनांची रिक्वेस्ट पाठवलेली असेल, तर ती पोहोचेपर्यंत जुना आयडी अवैध झालेला असतो. ती हाताळणारा कोड गेट-सेशन ‘फॉल्स’शिवाय बोलावत असेल, तर नवे रिकामे सेशन तयार होते आणि त्याची कुकी नुकत्याच मिळालेल्या चांगल्या कुकीवर लिहिली जाते. पन्नास लॉगइनमध्ये एखाद्याला हे होते आणि कोणालाही पुन्हा घडवून दाखवता येत नाही. इलाज सोपा आहे: लॉगइन यशस्वी होण्याची जागा सोडून इतर कुठेही सेशन तयार करणाऱ्या स्वरूपात गेट-सेशन बोलावू नये, आणि एपीआयने सेशन नसताना लॉगइनच्या पानाकडे न वळवता ४०१ (लॉगइन नाही) उत्तर द्यावे. पेमेंटच्या प्रकरणातही निम्मे नुकसान याच सवयीने होत होते.

सेशन आहे, पण रिकामे

टॉमकॅट १०.० पर्यंत मूळ सेटिंगनुसार, आणि १०.१ पासून मुद्दाम चालू केल्यास, टॉमकॅट व्यवस्थित बंद केला तर त्याचा स्टँडर्ड-मॅनेजर जिवंत सेशन वर्क फोल्डरमधील ‘सेशन्स डॉट एसईआर’ या फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि सुरू होताना ती वाचतो. ज्या ॲट्रिब्यूटचा क्लास सीरियलायझेबल (फाइलमध्ये लिहिता येण्याजोगा) नाही ते लिहिले जात नाहीत. ज्याच्या पोटात तसा एखादा ऑब्जेक्ट आहे त्याच्यासाठी लॉगमध्ये इशारा येतो आणि ते वगळले जाते. सेशन मात्र परत येते. मग ॲपला ‘सेशन आहे पण वापरकर्ता नाही’ अशी अवस्था सापडते, जिचा विचार कोडमध्ये कोणी केलेला नसतो, आणि लॉगइनच्या पानाऐवजी कित्येकदा नल-पॉइंटरचा अपवादच दिसतो. सेशनमध्ये डेटाबेस कनेक्शन, सर्व्हिस ऑब्जेक्ट किंवा हायबरनेट या डेटाबेस लायब्ररीने आळशीपणे, म्हणजे लागेल तेव्हाच, भरलेली सूची ठेवणारे ॲप हमखास इथे अडकते. सेशनमध्ये वापरकर्त्याचा क्रमांक आणि थोडी मूल्ये ठेवावीत, बाकी सर्व दर वेळी डेटाबेस किंवा कॅशमधून आणावे. कंटेनरमध्ये चालणाऱ्या ॲपला या फाइलचा उपयोग नसतो, कारण नवा कंटेनर रिकाम्या वर्क फोल्डरसह उभा राहतो. तसेच ‘किल -९’ ने मारलेला टॉमकॅट ती फाइल लिहीतच नाही.

सेशन रेडिस या सर्व नोडना सामाईक असलेल्या डेटा-साठ्यात ठेवण्यासाठी स्प्रिंग सेशन ही लायब्ररी वापरली की चिकटपणाची गरज संपते, पण दोन नव्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. सेशनमधून काढलेल्या सूचीत नुसती वस्तू घातली आणि सेट-ॲट्रिब्यूट पुन्हा बोलावले नाही, तर मूळ सेटिंगमध्ये तो बदल रेडिसपर्यंत जात नाही. एकाच टॉमकॅटवर मेमरीत हे चालून जात होते म्हणून ‘रेडिस आल्यापासून कार्ट रिकामी होते’ अशी तक्रार येते. दुसरे असे की क्लासची रचना बदलून नवी आवृत्ती डिप्लॉय केली, किंवा स्प्रिंग सिक्युरिटीची आवृत्ती वाढवली, की जुने साठवलेले ऑब्जेक्ट वाचता येत नाहीत आणि त्या सेशनच्या मालकांना ५०० ची चूक दिसत राहते. अशा वेळी रेडिसमधील की-चा उपसर्ग बदलावा; जुनी सेशन आपोआप कालबाह्य होतील. नोंदी जुळवताना एवढे ध्यानात असावे की स्प्रिंग सेशनची कुकी जेसेशनआयडी नसून ‘सेशन’ या नावाची असते आणि तिचे मूल्य बेस-६४ मध्ये गुंडाळलेले असते, त्यामुळे ब्राउझरमधील मूल्य आणि रेडिसमधील की सरळ तुलनेत जुळत नाहीत.

खरोखरच वेळ संपली असेल तर

वरील सर्व तपासून लिसनरच्या नोंदीत ‘सेशन नष्ट झाले’ दिसत असेल, तर मग टाइमआउटकडे वळावे, आणि तेही आधी एककाकडे. वेब डॉट एक्सएमएलमधील सेशन-टाइमआउट मिनिटांत असतो. सेट-मॅक्स-इनॲक्टिव्ह-इंटरव्हल सेकंदांत असते. स्प्रिंग बूटच्या ‘सर्व्हर डॉट सर्व्हलेट डॉट सेशन डॉट टाइमआउट’मध्ये एकक न लिहिता नुसते ३० लिहिले तर ते ३० सेकंद धरले जातात, आणि अंतर्भूत टॉमकॅटला मिनिटेच समजत असल्याने ते एक मिनिट होते, तिथे ‘३०एम’ असे लिहावे लागते. स्प्रिंग बूटचे ॲप वॉर (WAR) फाइल करून बाहेरच्या टॉमकॅटवर टाकले असेल, तर हे सेटिंग लागू होत नाही आणि टॉमकॅटच्या स्वतःच्या वेब डॉट एक्सएमएलमधील ३० मिनिटे चालतात.

माणूस सतत काम करत असूनही लॉगइननंतर बरोबर ठरावीक मिनिटांनी बाहेर पडत असेल, तर कुकीला कोणी मॅक्स-एज दिले आहे का ते पाहावे. टॉमकॅट कुकी फक्त सेशन तयार होताना किंवा त्याचा आयडी बदलताना पाठवतो, दर रिक्वेस्टला नाही. म्हणून कुकीवरचे १८०० सेकंद तिथूनच मोजले जातात आणि वापरकर्ता कितीही सक्रिय असला तरी ब्राउझर ती कुकी टाकून देतो. फिल्टरच्या नोंदीत हे प्रकरण ‘कुकी आली नाही’ असेच दिसेल. मॅक्स-एज काढून टाकावे.

टॉमकॅटच्या मूळ सेटिंगनुसार सेशनची ‘शेवटची वापर-वेळ’ प्रत्येक रिक्वेस्टने पुढे सरकत नाही. ॲपचा कोड सेशनला हात लावतो तेव्हाच ती सरकते. ज्या ॲपमध्ये पाने रिॲक्टमध्ये आहेत आणि एपीआय टोकनवर चालते, तिथे वापरकर्ता तासभर क्लिक करत राहिला तरी सेशनच्या दृष्टीने तो झोपलेला असतो. याच्या उलट, दर तीस सेकंदांनी सूचना विचारणारी स्क्रिप्ट सेशनला हात लावत असेल तर ते कधीच संपत नाही, आणि सार्वजनिक संगणकावर उघडे राहिलेले लॉगइन रात्रभर जिवंत राहते.

सर्वांत कठीण वापरकर्ता तो, जो पाऊण तास एकच लांब अर्ज भरत बसतो. त्या काळात ब्राउझर सर्व्हरला काहीच विचारत नाही, आणि ‘सादर करा’ दाबल्यावर भरलेले सर्व वाहून जाते. त्याच्यासाठी टाइमआउट सगळ्यांना दोन तासांचा करण्यापेक्षा, वापरकर्ता खरोखर टाइप करत असतानाच दर काही मिनिटांनी अर्जाचा मसुदा सर्व्हरवर जतन करावा. त्या रिक्वेस्टने सेशनही जागे राहते आणि मजकूरही सुरक्षित राहतो. तरीही सेशन गेलेच आणि ४०१ आले, तर पान बदलू न देता त्याच पानावर लॉगइनची चौकट उघडावी आणि लॉगइन झाल्यावर अडकलेली रिक्वेस्ट नव्या सीएसआरएफ टोकनसह पुन्हा पाठवावी. जुने टोकन जुन्या सेशनबरोबर गेलेले असते, आणि ते तसेच पाठवले तर ४०३ (परवानगी नाही) मिळून अर्ज पुन्हा तिथेच अडकतो.